पत्र्याच्या घरात अभंग रेकॉर्ड करायचेत, डायनॅमिक माईक कुठला घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की खानापूर बाजूला घर, वर पत्रे, बहीण अभंग आणि भक्तिगीतं गाते, तिचं घरीच रेकॉर्डिंग करायचंय, माईक लॅपटॉपला जोडायचा इंटरफेस, म्हणजे फोकसराईटचा स्कारलेट सोलो (तिसऱ्या पिढीचा), आधीच घेतलाय, हातात बारा हजार आहेत आणि मित्र सांगतोय थांब, पैसे साठव, घेशील तर शुअरचा महागडा डायनॅमिक माईक एसएम७बीच घे.

थांबू नका. शुअरचाच साधा डायनॅमिक माईक एसएम५८ घ्या, स्विच नसलेला. उरलेल्या पैशात दणकट स्टँड, माईक जोडायची तीनेक मीटरची एक्सएलआर केबल आणि तोंडाची फुंकर अडवणारा पॉप फिल्टर बसतंय का बघा. बहिणीचा आवाज आज जसा आहे तसा आज रेकॉर्ड व्हायला पाहिजे, पैसे साठेपर्यंत दोन वर्षं जातील.

आता हे एवढं ठामपणे का सांगतोय ते ऐका. मी वडगावचा, आमच्या गल्लीत दोन बाजूंना यंत्रमाग आहेत. मी पहिला माईक घेतला तो कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा जास्त नाजूक प्रकार, व्हिडिओत सगळे तोच वापरतात म्हणून. आत्याचा आवाज फार गोड, भजनी मंडळात पंचवीस वर्षं गातेय, तिला बसवलं, माईक एक वीत लांब ठेवला आणि संध्याकाळी रेकॉर्ड केलं. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर पहिली ओळ संपून दुसरी सुरू व्हायच्या मधे जी शांतता असते ना, त्यात माग. खटक खटक खटक, आणि तो सुद्धा तालात नाही. अक्कानं एक कान लावून ऐकलं आणि विचारलं, “हे मागं काय वाजूलालंय रे?” ओळीमधली ती जागा गाण्यातली सगळ्यात नाजूक, गायकानं श्वास घेतलेला ऐकू येतो ती जागा, आणि तिथंच घाण झालेली. मी तो आवाज सॉफ्टवेअरनं काढायला आठवडा घालवला, आवाज गेला पण आत्याचा गळाही पाण्यात बुडाल्यासारखा झाला.

मग सगळे म्हणाले डायनॅमिक घे, तो बाहेरचा आवाज घेतच नाही. हे वाक्य तुम्हालाही दहा जण सांगतील आणि ते अर्धंच खरं आहे. माईकला कुठला आवाज गाण्याचा आणि कुठला मागाचा हे कळत नसतं. डायनॅमिकमधे पडद्याला एक बारीक कॉइल चिकटवलेली असते, ती चुंबकाजवळ हलते आणि त्यातून वीज तयार होते. ही हलवायची वस्तू जड, म्हणून तो तुलनेनं मंद असतो आणि सिग्नल कमी देतो. आकडे सांगतो म्हणजे कळेल, सारख्याच आवाजाला एसएम५८ साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा साधा कंडेन्सर १४ च्या आसपास देतो, म्हणजे साडेसात पट. पण इंटरफेसवर गेन, म्हणजे माईकचा सिग्नल किती मोठा करायचा तो नॉब, वाढवून गाणं तेवढंच मोठं केलं की मागाचा आवाजही त्याच पटीत वर येतो. खरा फरक पडतो तो अंतरानं. डायनॅमिक असा बनवलाय की तोंडाला अगदी जवळ धरला तरी तो फाटत नाही, उलट बरा वाटतो. आठ इंचावरनं दोन इंचावर आलं की गाण्याचा आवाज माईकपाशी सुमारे १२ डेसिबलनं वाढतो, माग मात्र होता तिथंच असतो, त्यामुळं गेन तेवढा खाली आणता येतो आणि माग तेवढा खाली जातो. हे १२ डेसिबल कुठल्याही दुकानात विकत मिळत नाहीत, ते गाणाऱ्याच्या बसण्यातनं मिळतात.

म्हणून माईक आल्यावर पहिले दोन दिवस बहिणीला फक्त जवळ राहून गायची सवय लावा. मंडळात गाणाऱ्यांना मंदिरातल्या माईकपासून मान मागं घ्यायची सवय असते, वरचा स्वर आला की आत्या हातभर लांब जायची. थोडं मागं सरकणं ठीक आहे, पण दोन बोटं ते चार बोटं एवढ्यातच खेळ पाहिजे. आणि हातात धरून नाही, स्टँडवर. बरेच जण माईकची जाळीच मुठीत धरतात, त्यानं मागचे छिद्र बंद होऊन माईक सगळीकडचा आवाज घ्यायला लागतो आणि गळाही डब्यातून आल्यासारखा होतो.

जवळ गेल्यावर दोन गोष्टी होतात. एक, खर्ज फुगतो, बाईचा आवाजसुद्धा जाड वाटतो. त्याला रेकॉर्डिंगनंतर सॉफ्टवेअरमधे ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे, म्हणजे अगदी खालचे घुमणारे आवाज कापून टाकायचे, बाईच्या आवाजाला १२० पर्यंत गेलं तरी चालतं, बहुतेक वेळा तेवढ्यानं साफ होतं. दुसरं म्हणजे फुंकर. आपल्या अभंगांत प, भ, फ किती येतात बघा, पांडुरंग म्हटलं की पहिलाच ठोका धप्पकन बसतो, भक्त, भाव, भीमा सगळे तसलेच. माईक बरोबर ओठांसमोर न धरता तोंडाच्या कोपऱ्याकडं, थोडा तिरका ठेवा, म्हणजे हवा त्याच्या बाजूनं निघून जाते आणि गाण्याचा आवाज माईकात तर जातोच. तळहात ओठांसमोर धरून पांडुरंग म्हणायला सांगा, हवा कुठं लागते ते तिचं तिलाच कळेल, माईक त्या जागेवर नको एवढंच. आत्याला शंभर वेळा सांगून जमलं नव्हतं ते या हातानं एका मिनिटात जमलं.

एसएम७बी बद्दल आता. माईक सुंदर आहे, त्याचा वंश १९७३ च्या एसएम७ पासूनचा, मऊ, भरीव आवाज देतो. पण एसएम५८ पेक्षाही साडेचार डेसिबल कमी सिग्नल देतो आणि कंपनी स्वतःच त्याला किमान ६० डेसिबल गेन असावा म्हणते. तुमच्या सोलोचा गेन ५६ पर्यंत. म्हणजे नॉब टोकाला नेला तरी कमीच, हळू गाणाऱ्या मुलीला तर फारच कमी, आणि टोकाला नेलेल्या गेनमधे सूं असा आवाज पाठीमागं राहतो. मग त्याला क्लाउडलिफ्टरसारखा बूस्टर घ्या, तो आणखी खर्च. २०२३ पासून बूस्टर आतच बसवलेला एसएम७डीबी निघालाय पण तो आणखी महाग. एसएम५८ च्या साधारण चौपट किमतीचा माईक घेऊन तो पत्र्याखाली टांगायचा, याच्यापेक्षा वाईट वाटणारी गोष्ट माझ्या ओळखीत दुसरी नाही. एसएम५८ १९६६ पासून आहे, आणि एकदा घेतला की मुलांना देता येईल इतका टिकतो.

पैसे अजून कमी करायचे असतील तर बेहरिंगरचा एक्सएम८५०० चालेल, किमतीच्या मानानं खरोखर चांगला आहे. सेनहायझरचा ई८३५ एसएम५८ च्याच तोडीचा, मला तो थोडा उजळ वाटतो, बहिणीचा आवाज जाड असेल तर तो ऐकून बघा. स श जास्त टोचणारा आवाज असेल तर एसएम५८ च बरा.

खोली. माईक कार्डिऑइड आहे, म्हणजे त्याच्या पाठीमागचा आवाज तो सगळ्यात कमी घेतो. त्यामुळं आवाजाची जागा, मग ती खिडकी असो नाहीतर रस्ता, माईकच्या पाठीकडं यायला पाहिजे, म्हणजे बहीण खिडकीकडं तोंड करून बसेल. हे सगळ्यांना उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं. आणि तिच्या पाठीमागं दोरीवर दोन जाड वाकळा टाकायच्या, कारण माईकचं तोंड तिकडं आहे, भिंतीवरनं आदळून येणारा आवाज तिथूनच माईकात शिरतो. अंड्याचे ट्रे भिंतीला लावू नका, त्यानं काही होत नाही, वर आगीची भीती. आजीनं शिवलेली वाकळ हजार रुपयांच्या पातळ फोमपेक्षा जास्त आवाज पिते, हे मी दोन्ही टांगून ऐकलंय.

पाऊस मात्र कुठल्याच माईकला ऐकणार नाही. जून ते सप्टेंबर खानापूरकडं पत्र्यावर जो पडतो तो वरनं सगळ्या खोलीभर पडतो, तेवढा वेळ तालीम करा, रेकॉर्डिंग करू नका. रात्री दहा-अकराला उघडीप मिळाली की पटकन दोन टेक घ्यायचे.

तानपुरा आणि तबला मोबाईलवर लावणार असाल तर कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या आणि दोन्ही कानांवर ठेवा. जुन्या गायकांना एक कान मोकळा लागतो, त्या मोकळ्या हेडफोनमधला तानपुरा सरळ माईकात जातो आणि मग निघत नाही. एक कान हवाच असेल तर त्या बाजूचा आवाज बंद करून द्या.

घूं असा आवाज आला तर माईकला दोष द्यायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आपल्याकडं जुन्या घरांत अर्थिंग नीट नसतं, नव्वद टक्के वेळा तेच निघतं. नाही गेला तर माईक इन्व्हर्टर आणि फ्रीजपासून लांब न्या, कॉइल असल्यामुळं डायनॅमिक हा आवाज हवेतूनच पकडतो. इंटरफेसवर कंडेन्सरला वीज द्यायचं ४८ व्होल्टचं बटण असतं, ते बंदच ठेवा, चुकून सुरू राहिलं तर चांगल्या केबलवर माईकला काही होत नाही. गेन इतका ठेवा की जोरात गाताना नॉबभोवतीचं वर्तुळ हिरवं राहील, कधी केशरी झालं तर ठीक, लाल नको.

घेताना एक काळजी, एसएम५८ च्या नकला खूप आहेत. माझ्या ओळखीच्या एकानं स्वस्तात घेतला, डबा, पिशवी, पट्टी सगळं हुबेहूब, गायला लागल्यावर आवाजात वरच्या स्वरांची चमकच नाही. खरा माईक २९८ ग्रॅमचा असतो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितलं तरी पहिली शंका फिटते, नकली बहुतेक हलके. अधिकृत विक्रेत्याकडून पक्कं बिल घेऊनच घ्या.

आणि घ्यायच्या आधी एकदा गणपतीत स्पीकर लावणाऱ्या तुमच्या गावच्या साऊंडवाल्याला विचारा, त्याच्याकडं एसएम५८ असतोच, एक दिवस भाड्यानं घेऊन घरीच तुमच्या इंटरफेसवर लावा आणि बहिणीकडून एकच अभंग दोनदा गाऊन घ्या, एकदा आठ इंचावरनं, एकदा दोन बोटांवरनं. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीमधली शांतता ऐका. तिचा गळा फार हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखा असेल आणि रात्री तुमच्याकडं खरंच चिडीचूप असेल, तर मी सांगितलेलं सोडा आणि कंडेन्सर घ्या, बारीक मुरक्या त्यात जास्त उमटतात. कसं गाते ते इथं लिहा, म्हणजे नक्की सांगता येईल.