चौदा गाड्यांची टॅक्सी कंपनी अ‍ॅपवर कशी न्यावी?

तुम्ही देवासहून विचारलंय: वडिलांच्या चौदा गाड्या आहेत, ओला-उबरसारखं अ‍ॅप काढायचंय, सुरुवात कुठून करू आणि डेव्हलपरला किती देऊ?

डेव्हलपरला तूर्त एक रुपयाही देऊ नका. मी इंदूरला रामबागेत राहतो, धंदा हाच, बाबांच्या वेळेपासूनचा. नऊ गाड्या घरच्या, वीसेक अटॅच, म्हणजे दुसऱ्यांच्या पण आमच्याकडे लावलेल्या. 2021च्या दिवाळीत एका कंपनीकडून तयार अ‍ॅप घेतलं. नाव आमचं, बाकी सगळं त्यांचं. पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकांना ओटीपी जाईना. मेसेजचा मजकूर आधी डीएलटीवर, म्हणजे धंद्याच्या एसएमएससाठीच्या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, हे ना त्यांनी सांगितलं, ना मला ठाऊक. त्यातच ऐन सणाचे दिवस गेले.

मग नकाशाची तऱ्हा. गाडी विमानतळावर पोचलेली, अ‍ॅपमध्ये मात्र अर्धा तास शहरातल्या पलासियालाच उभी. ड्रायव्हरचा स्वस्तातला फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅप परस्पर बंद करायचा. गिऱ्हाईक मला फोन करी, मी ड्रायव्हरला. शेवटी आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर म्हणाला, "भिया, नक्शा रेन दो, फोन लगा लो." तसंच केलं.

पण अ‍ॅप चोख असतं तरी मी तोंडावर आपटलोच असतो. राजवाड्यावर उभं राहून कुणी गाडी मागितली, तर ती पाच-सात मिनिटांत यायला हवी. म्हणजे जवळपास कायम एखादी रिकामी गाडी हवी, आणि अशी शहराच्या प्रत्येक कोपऱ्यात. चौदांतल्या सहा ड्युटीवर, एक गॅरेजला, दोघे जेवायला, उरल्या किती? मोठ्या कंपन्यांनी गाड्यांची ही दाटी गुंतवणूकदारांच्या पैशांतून ड्रायव्हरना इन्सेंटिव्ह वाटून उभी केली. तो खेळ आपला नाही.

आपला खेळ आगाऊ बुकिंगचा. महाकालची भस्म आरती पहाटे 4ची. इंदूरहून उज्जैन 55 किलोमीटर, म्हणजे माणसं मध्यरात्रीच निघतात, आणि तेव्हा कोण येणार हे त्यांना आदल्या दिवशीच ठरलेलं हवं असतं. ऑक्टोबर 2022मध्ये महाकाल लोक, म्हणजे मंदिरालगतचा नवा परिसर, खुलं झाल्यापासून हे काम वाढलंच आहे, आणि 2028ला उज्जैनचा सिंहस्थ आहे. शिवाय ओंकारेश्वर, मांडू, विमानतळ.

यात पैसा मुरतो तो रिकाम्या परतीत. तुमची गाडी देवासची सवारी विमानतळावर सोडते आणि रिकामी घरी जाते. त्याच सुमारास कुणीतरी देवासला जायला दुसऱ्याची गाडी करतो. ही जोडी लावून देणं, हे तुमच्या सॉफ्टवेअरचं पहिलं काम. आम्ही ते सहा महिने साध्या गूगल शीटवर केलं: गाडी कुठे रिकामी होणार, किती वाजता, कुठे परतणार. तीनच रकाने. सवारीला कमी भाड्यात वन-वे मिळतं, आपलं डिझेल निघून वर काहीतरी उरतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्यांच्या गाड्या अ‍ॅपवरून सवारीशी जोडून दिल्या की मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीप्रमाणे तुम्ही अ‍ॅग्रिगेटर होता, आणि राज्याचा परवाना लागतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत त्याची फी 5 लाख धरली आहे. राज्याचा नियम आरटीओत स्वतः जाऊन विचारा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका. शिवाय अ‍ॅपवरच्या भाड्यावरचा 5 टक्के जीएसटी ड्रायव्हरने नव्हे, अ‍ॅपवाल्याने भरायचा असतो. आमच्या सीएने हे सांगितलं तेव्हा मी निम्मे दर पुन्हा मांडले.

अटॅचवाल्यांचं म्हणाल तर त्यांना अ‍ॅपचं काडीचं कौतुक नसतं. पैसे कधी, एवढंच त्यांचं विचारणं. आम्ही महिन्याचा हिशेब बंद करून रोज रात्री यूपीआयने द्यायला लागलो, तेव्हा ड्युटी नाकारणं कमी झालं. भत्ता, नाइट हॉल्ट, टोल बुकिंगच्या वेळीच सवारीला लिहून द्या, नाहीतर पहाटे 3ला मंदिराच्या पार्किंगमध्ये भांडण ठरलेलं.

तेव्हा तुमच्या गाड्या विमानतळावरून किती वेळा रिकाम्या परततात, एवढं महिनाभर वहीत लिहा आणि इथेच कळवा. मग अ‍ॅपचं बोलू.