विद्यापीठाचं वाय-फाय आणि तुमचा लॅपटॉप : वाचक विचारतात

नवीन सत्र सुरू झालं की या सदराच्या टपालात वाय-फाय सोडून दुसरं काही नसतंच. यावेळी म्हटलं सगळी पत्रं एकत्रच घेऊ, कारण प्रश्न वेगळे दिसले तरी गाडी शेवटी एकाच ठिकाणी अडते, ते म्हणजे सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र.

प्रश्न : ताई, घरी वाय-फायला पासवर्ड टाकला की झालं. विद्यापीठात माझ्या उबुंटूवाल्या लॅपटॉपने ऑथेंटिकेशन, अ‍ॅनॉनिमस आयडेंटिटी, डोमेन, सीए सर्टिफिकेट, इनर ऑथेंटिकेशन असं काय काय विचारलं. मैत्रिणीच्या विंडोजने फक्त युजरनेम-पासवर्ड घेतला आणि जोडलंसुद्धा. मी नेमकं काय भरू? – एम.एस्सी. पहिलं वर्ष

विंडोज हेच सगळं करतं, फक्त तुम्हाला दाखवत नाही. उबुंटू दाखवतं म्हणून घाबरायला होतं, एवढाच फरक.

घरच्या वाय-फायला सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड असतो. हजारो मुलांच्या ठिकाणी ते चालणार नाही, एकाने बाहेर सांगितला की सगळ्यांचा बदला, आणि शिवाय डब्ल्यूपीए2 या वाय-फाय सुरक्षेच्या जुन्या घरगुती पद्धतीत ज्याला तो पासवर्ड माहिती आहे त्याने तुम्ही जोडताना होणारी देवाणघेवाण पकडली तर तुमचा डेटाही त्याला उलगडता येतो. म्हणून विद्यापीठात एंटरप्राइज पद्धत असते, जिला 802.1एक्स म्हणतात. यात छतावरचा तो पांढरा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, तुम्हाला ओळखत नाही आणि तुमचा पासवर्डही तपासत नाही. तो नुसता निरोप्या. तपासणारा आत कुठेतरी बसलेला रेडियस सर्व्हर असतो, त्याने हो म्हटलं की डबा दार उघडतो आणि तुमच्या एकट्यासाठी वेगळी किल्ली तयार होते.

आता भरायचं काय ते बघू. सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूपीए2 एंटरप्राइज. ऑथेंटिकेशनमध्ये बहुतेक ठिकाणी प्रोटेक्टेड ईएपी, बोलताना सगळे पीप म्हणतात, आणि इनर ऑथेंटिकेशनमध्ये एमएसचॅपव्ही2, ही आतमध्ये पासवर्ड तपासायची पद्धत. काही विद्यापीठं टनेल्ड टीएलएस वापरतात, त्यामुळे आयटी विभागाच्या पानावर एकदा बघून घ्या, अंदाजाने एकेक पर्याय फिरवत बसू नका. अ‍ॅनॉनिमस आयडेंटिटी म्हणजे पाकिटाच्या बाहेर लिहायचं नाव. ते उघड्यावरून जातं, म्हणून तिथे खरं नाव न लिहिता अ‍ॅनॉनिमस लिहून पुढे ॲट आणि विद्यापीठाचं डोमेन टाकतात. खरं युजरनेम खालच्या रकान्यात, ते बोगद्यातून, म्हणजे लॅपटॉप आणि सर्व्हरमधल्या कूटबद्ध वाटेने, झाकून जातं.

राहिलं सीए सर्टिफिकेट आणि डोमेन. सीए म्हणजे सर्व्हरला ओळखपत्र देणारी संस्था. इथे उबुंटू 'सर्टिफिकेट नको' अशी एक छोटी चौकट देतं आणि सिनिअर लोक बिनधास्त सांगतात की त्यावर टिक कर, लगेच चालतं. चालतं हो, पण करू नका. का ते पुढच्या उत्तरात. विद्यापीठाने दिलेली सर्टिफिकेटची फाईल तिथे निवडा आणि डोमेनमध्ये रेडियस सर्व्हरचं नाव टाका, दोन्ही. नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही, कारण विद्यापीठाने जर बाजारातल्या एखाद्या सार्वजनिक संस्थेकडून सर्टिफिकेट घेतलं असेल तर तिथूनच दुसरा कुणीही स्वतःच्या नावाचं घेऊ शकतो.

आणि सगळं बरोबर भरूनही जोडत नसेल तर लॉगमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या नोंदींमध्ये, 'अनसेफ लेगसी रीनिगोशिएशन' असं काही दिसतंय का बघा. उबुंटू 22.04 पासून ओपनएसएसएल 3 हे सुरक्षित जोडणीचं सॉफ्टवेअर आलं, ते जुन्या घडणीच्या सर्व्हरशी बोलायला नकार देतं. अशा वेळी दोष तुमचा नाही, ती ओळ कॉपी करून आयटीला पाठवा. इंटरनेटवर लॅपटॉपची सुरक्षा सैल करायचे उपाय मिळतात, पण सर्व्हर जुना आहे म्हणून तुम्ही का सैल व्हायचं?

प्रश्न : विंडोजवर पहिल्यांदा जोडताना एक इशारा आला, की हे नेटवर्क या जागी असणं अपेक्षित असेल तरच पुढे जा, नाहीतर त्याच नावाचं दुसरं असू शकतं. सगळे म्हणतात कनेक्ट दाब. मी दाबलं. काही चुकलं का? – बी.ए. तृतीय वर्ष

चुकलं असेलच असं नाही, पण तुम्ही ज्या प्रश्नाला हो म्हणालात तो प्रश्न समजून घ्या. लॅपटॉप विचारत होता, समोरचा सर्व्हर खरंच विद्यापीठाचा आहे का, मला ठरवता येत नाही, तू सांग.

वाय-फायला नाव काय, कुणीही कुठलंही देऊ शकतं. एखादा माणूस कँटीनमध्ये लॅपटॉप उघडून तुमच्या विद्यापीठाच्या नावाचंच नेटवर्क चालू करू शकतो, आणि त्याचा सिग्नल जवळचा म्हणून जास्त असला की तुमचं मशीन आपणहून तिकडे ओढलं जातं. कँटीन तरी कशाला, बसमध्येही, कारण खिशातला फोन ते नाव दिसलं की विचारत पण नाही. अशा वेळी तुमच्या पासवर्डच्या आणि त्या माणसाच्या मध्ये एकच गोष्ट उभी असते, ती म्हणजे सर्टिफिकेटची तपासणी. आधी सर्व्हरने स्वतःची ओळख पटवायची, मग तुम्ही तुमची सांगायची, असा क्रम आहे. तपासणी बंद केली की तुम्ही आधी बोलून मोकळे.

कुणी म्हणेल पीपमध्ये पासवर्ड उघडा जात नाही ना. खरंय, पण एमएसचॅपव्ही2 ची देवाणघेवाण त्याच्या हातात गेली की पुढचं काम तो घरी बसून करू शकतो. 2012 मध्येच जाहीरपणे दाखवून झालंय की ही सगळी पद्धत फोडायची म्हणजे शेवटी डीईएस या जुन्या कूटपद्धतीची 56 बिटांची एक किल्ली शोधायची, आणि योग्य मशीन असेल तर ते एका दिवसाचं काम आहे. सोपा पासवर्ड असेल तर तेवढंही लागत नाही. टनेल्ड टीएलएसच्या आत पीएपी असेल तर आणखी सोपं, खोट्या सर्व्हरला पासवर्ड सरळ अक्षरांतच मिळतो. आणि हा पासवर्ड नुसता वाय-फायचा थोडाच असतो, तोच ईमेलचा, तोच निकालाच्या पोर्टलचा.

म्हणून तो इशारा आला की सर्टिफिकेटचा तपशील दाखव असं म्हणा. थंबप्रिंट नावाची अक्षर-आकड्यांची एक लांबलचक माळ दिसेल. ती आयटीच्या पानावरच्या माळेशी जुळवा, आणि हे पान मोबाईल डेटावर उघडा, संशय असलेल्या वाय-फायवर नाही. जुळली तर खुशाल कनेक्ट. पुढे अधूनमधून सर्टिफिकेट बदलतं तेव्हा पुन्हा विचारणा होईल, तेव्हा आयटीची नोटीस आली आहे का बघायचं.

याहून चांगला मार्ग म्हणजे विद्यापीठ जो इन्स्टॉलर किंवा प्रोफाइल देतं तोच वापरणं. त्यात सर्टिफिकेट, सर्व्हरचं नाव, पद्धत सगळं भरून येतं आणि हा प्रश्नच पडत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की 'काही विचारलं तर हो म्हणा' असं माहितीपत्रकात छापणाऱ्या आयटी विभागांनी आधी स्वतः बदलावं, मुलांना दोष नंतर. गुगलने डिसेंबर 2020 च्या अपडेटमध्ये पिक्सेल फोनवरचा 'डू नॉट व्हॅलिडेट' हा पर्याय काढूनच टाकला तेव्हा बऱ्याच ठिकाणी गोंधळ उडाला, कारण त्यांच्या सूचनेत नेमकं तेच निवडा असं लिहिलेलं होतं!

प्रश्न : मॅकबुकवर विद्यापीठाचा पासवर्ड टाकला, व्हेरिफाय सर्टिफिकेट आलं, कंटिन्यू केलं, तर परत पासवर्ड मागतोय आणि तोच टाकला तर चुकीचा म्हणतो.

तो दुसरा पासवर्ड मॅकचा, म्हणजे लॅपटॉप उघडताना टाकता तो. सर्टिफिकेटवरचा विश्वास तुमच्या मशीनमध्ये नोंदवायला मॅक मालकाची परवानगी मागतो. निम्मी मुलं इथेच अडकतात आणि विद्यापीठाचा पासवर्ड बदलून बसतात.

प्रश्न : पासवर्ड बदलला आणि तेव्हापासून लॅपटॉप जोडत नाही. वर खातंच लॉक होतंय, आयटीवाले उघडून देतात, थोड्या वेळाने परत लॉक. व्हायरस असेल का? – संशोधक विद्यार्थी

व्हायरस नाही, तुमचाच फोन असणार. किंवा टॅब, किंवा कपाटात पडलेला जुना लॅपटॉप जो झोपेतून मधूनच जागा होतो. त्याच्यात जुना पासवर्ड साठवलेला असतो आणि कॅम्पसमध्ये शिरलात की तो बिचारा इमानदारीत पुन्हा पुन्हा तोच घेऊन जातो, सर्व्हरला वाटतं कुणीतरी अंदाज लावतंय आणि तो खातं बंद करतो. तुम्ही लॅपटॉपवर बरोबर पासवर्ड टाकत राहता आणि बंद खात्यामुळे तोही चुकीचा म्हणून परत येतो.

तेव्हा आधी सगळ्या उपकरणांचं वाय-फाय बंद करा, मग खातं उघडून घ्या, आणि मग एकेका उपकरणावर त्या नेटवर्कला 'फर्गेट' करून नव्याने जोडा. फर्गेट महत्त्वाचं आहे, नुसता पासवर्ड बदलायची खिडकी प्रत्येक वेळी येईलच असं नाही. आणि फर्गेट केल्यावर सर्टिफिकेटची सेटिंगही जाते, तेव्हा ती पुन्हा नीट करा, घाईत 'सर्टिफिकेट नको' करून मोकळं होऊ नका.

प्रश्न : विंडोज 11 ला अपडेट झाल्यापासून दर वेळी युजरनेम-पासवर्ड विचारतं, लक्षातच ठेवत नाही.

विंडोज एज्युकेशन किंवा एंटरप्राइज आवृत्ती आहे का बघा. त्यात 22एच2 या अपडेटपासून क्रेडेन्शियल गार्ड नावाची, साठवलेले पासवर्ड जपणारी सोय पात्र मशीनवर आपोआप चालू होते आणि एमएसचॅपव्ही2 ची माहिती साठवून वापरायला ती अडवते. ती बंद करायचे व्हिडिओ सापडतील, पण मी सांगणार नाही, ती चांगल्या कामासाठी आहे. विद्यापीठ ईएपी-टीएलएस देत असेल तर ते घ्या, त्यात पासवर्डऐवजी तुमच्या लॅपटॉपलाच सर्टिफिकेट मिळतं.

आणखी एकाचा असाच प्रश्न होता, की जुना लॅपटॉप चार्जिंग संपून बंद पडला की नंतर वाय-फाय नाकारतो. घड्याळ बघा. आतली छोटी बॅटरी गेली की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट 'अजून सुरूच झालेलं नाही' असं लॅपटॉपला वाटतं. तारीख नीट केली की जोडतं.

प्रश्न : परिषदेसाठी दुसऱ्या विद्यापीठात गेले होते, तिथे एड्युरोम हे विद्यापीठांचं सामायिक वाय-फाय दिसलं पण जोडलं नाही. आमच्याकडे तर रोज चालतं. – प्राध्यापिका

तुम्ही युजरनेम अर्धं टाकत असणार. आपल्या कॅम्पसवर नुसतं युजरनेम चालून जातं कारण सर्व्हर घरचाच. बाहेर गेल्यावर मात्र तिथल्या सर्व्हरला ॲटच्या पुढचं डोमेन बघूनच कळतं की हा निरोप कुठे पाठवायचा. ते नसेल तर तो तिथेच पडतो.

एड्युरोमची कल्पना 2002 मध्ये युरोपात निघाली आणि आता शंभरावर देशांत ते चालतं. त्यातली गंमत अशी की यजमान विद्यापीठाला तुमचा पासवर्ड कधीच दिसत नाही, तुमच्या लॅपटॉपपासून तुमच्याच विद्यापीठाच्या सर्व्हरपर्यंत बोगदा असतो, मधले सगळे फक्त पुढे ढकलतात. अर्थात सर्टिफिकेटची तपासणी चालू असेल तरच, हे वेगळं सांगायला नको. तिथल्या हेल्पडेस्कशी भांडून उपयोग नसतो, तुमचं खातं त्यांच्याकडे नाहीच. निघायच्या आधी आपल्या कॅम्पसवर पूर्ण युजरनेमने, डोमेनसकट, जोडून बघा. गेटएड्युरोम नावाचं ॲप आहे, तुमची संस्था त्यात असेल तर सगळं तेच भरतं.

प्रश्न : सर्टिफिकेट टाकलं तर आयटीवाल्यांना माझे मेसेज दिसतील का?

प्रश्न रास्त आहे. जोडल्यावर त्यांना तुमचं नाव, उपकरण, कोणत्या इमारतीत किती वाजता होतात हे दिसतं, आणि साधारणपणे कोणत्या साइटवर गेलात तेही. एचटीटीपीएसच्या, म्हणजे कूटबद्ध साइट्सच्या, आतला मजकूर दिसत नाही. सर्टिफिकेट फक्त वाय-फायसाठी टाकलं तर यात काही फरक पडत नाही. पण तेच सर्टिफिकेट पूर्ण मशीनसाठी विश्वासू म्हणून टाकलं तर ज्याच्याकडे त्याची मूळ किल्ली आहे त्याला साइट्सची खोटी सर्टिफिकेटं बनवता येतात. म्हणून अँड्रॉइडवर 'सीए सर्टिफिकेट' नाही, 'वाय-फाय सर्टिफिकेट' हा पर्याय निवडा. काही इन्स्टॉलर विंडोजमध्ये सरळ सगळ्यांसाठी टाकतात, तेव्हा ते विद्यापीठाचं स्वतःचं आहे का, आणि का टाकताय, हे आयटीला जरूर विचारा.

प्रश्न : हॉस्टेलवर प्रिंटर याच वाय-फायला जोडायचाय, युजरनेमचा रकानाच नाही त्याला.

साध्या प्रिंटरला, गेमच्या डब्याला 802.1एक्स येत नाही. बऱ्याच विद्यापीठांत अशा वस्तूंसाठी वेगळं नेटवर्क असतं, तिथे मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक (ॲपलच्या मॅकशी संबंध नाही), नोंदवायचा, तो प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवर किंवा सेटिंगमध्ये मिळतो. ते नसेल तर यूएसबीची वायर लावा, आणि लॅपटॉपचा हॉटस्पॉट करून प्रिंटरला द्यायचा विचार असेल तर आधी नियम वाचा, पुष्कळ ठिकाणी त्यासाठी कनेक्शन बंद करतात.