डॉक्टरेटची फी पॉलिसीतून भरायची?

ह्यूस्टनहून एका नर्स ताईंचं पत्र आलं आहे. मूळच्या मिरजेच्या, वय ३८. एनक्लेक्स, म्हणजे अमेरिकेतल्या नर्सच्या परवान्याची परीक्षा, देऊन तिथे आल्या आणि पाच वर्षं एकाच रुग्णालयात आहेत. मूळ पगार ८८ हजार डॉलर, रात्रपाळ्या आणि ओव्हरटाइम धरून १ लाख ४ हजार. यजमानांचे ६० हजार, मुलगी आठ वर्षांची. ताईंना फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः रुग्ण तपासून औषधं लिहून देणारी नर्स, व्हायचं आहे. त्यासाठी डीएनपी, म्हणजे नर्सिंगमधली डॉक्टरेट, करायचा विचार आहे. चार वर्षं, फी ६८ हजार. त्या विचारतात, "कर्ज काढू की आमच्या आययूएल पॉलिसीवर (शेअर बाजाराच्या निर्देशांकावर व्याज ठरणारा आयुर्विमा) उचल घेऊ? पुढे दीड लाख पगार मिळेल, स्वतःचं क्लिनिक टाकता येईल."

ताई, डीएनपीचं सांगतेच, पण आधी ती पॉलिसी. तुमच्या पत्रातली खरी आग तिथे लागली आहे.

तुम्ही महिन्याला ९०० डॉलर भरता, तीन वर्षं झाली. म्हणजे ३२ हजार गेले. आज पॉलिसी मोडली तर हातात ११ हजार येतील, हे तुम्हीच लिहिलं आहे. उचल मिळते ती याच रकमेवर, फार तर दहा हजार. ६८ हजारांची फी त्यातून कशी निघणार? "ही तुमची स्वतःची बँक आहे" असं सांगून मंडळातल्या ओळखीच्या माणसाने ती गळ्यात मारली आणि वर यजमानांनाही एजंट व्हायचा आग्रह केला. हे वाचून मला संताप आला. परदेशात आपल्या माणसावर विश्वास टाकावा, तर त्याने कमिशन मोजावं!

"बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही" हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं असेल. व्याज शून्य मिळालं, तरी विम्याचं शुल्क आणि इतर खर्च त्या वर्षीही कापले जातातच, म्हणजे शिल्लक घटते. बाजार चढला की वर मर्यादेची कात्री लागते आणि शेअरचा लाभांश तर मिळतच नाही. शिवाय वय वाढेल तसा आतला विम्याचा खर्च वाढत जातो. एवढं करून विमा किती? साडेतीन लाख. घरावर कर्ज आणि आठ वर्षांची मुलगी असताना तो पुरणारा नाही.

दुसरी चूक याच पॉलिसीमुळे झाली. रुग्णालय तुमच्या निवृत्ती खात्यात पगाराच्या ४ टक्क्यांपर्यंत स्वतःची तेवढीच भर घालतं, आणि तुम्ही ते खातंच उघडलं नाही, कारण "पैसे साठीपर्यंत अडकतात" असं त्याच गृहस्थांनी सांगितलं. वर्षाला साडेतीन हजार, पाच वर्षांचे साडेसतरा हजार तुम्ही नाकारलेत. पॉलिसीत बुडालेले २१ हजार त्यात मिळवा. साडेअडतीस हजार झाले. नर्स प्रॅक्टिशनर होण्याची फी यातून सुटली असती.

कशी, ते सांगते. नर्स प्रॅक्टिशनर व्हायला डॉक्टरेट लागत नाही. नर्सिंग महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने २००४ मध्ये म्हटलं होतं की २०१५ पासून या कामाला डीएनपीच असावी. ते झालं नाही. नर्स प्रॅक्टिशनर शिक्षकांच्या संघटनेने २०१८ मध्ये पुन्हा २०२५ चं उद्दिष्ट ठेवलं. तरीही एमएसएन, म्हणजे नर्सिंगमधली मास्टर्स पदवी, केलेल्या नर्सला फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या दोन्ही प्रमाणपत्र परीक्षा देता येतात, आणि परवानाही तोच मिळतो. भूल देणाऱ्या नर्सचा, म्हणजे सीआरएनएचा, मार्ग वेगळा. तिथे आता नव्यांना डॉक्टरेट खरंच लागते. तुम्हाला तिकडे जायचं नाही.

तुमच्याच यादीतल्या सरकारी विद्यापीठात एमएसएनची फी २८ हजार आहे आणि अर्धवेळ तीन वर्षांत ते होतं. डीएनपीला ४० हजार जास्त आणि एक वर्ष उशीर. क्लिनिक चालवणारे पगार ठरवताना बहुतेक वेळा पदवीपेक्षा अनुभव बघतात.

आता दीड लाखाबद्दल. सरकारी आकडेवारीत मे २०२४ मध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा मधला पगार सुमारे १ लाख २९ हजार होता, आणि त्यात पंधरा-वीस वर्षं काम केलेलेही आले. नवख्या फॅमिली प्रॅक्टिशनरला मी १ लाख १० हजार धरेन. आज ओव्हरटाइमसकट तुम्ही १ लाख ४ हजार मिळवताच. म्हणजे पहिल्या वर्षी फरक सहा हजारांचा. रात्रपाळी सुटेल, मुलगी झोपताना तुम्ही घरी असाल, आणि याची किंमत मी कमी लेखत नाही. पण सहा हजारांच्या वाढीवर ६८ हजारांचं ओझं घेऊ नका. शिवाय ज्या ग्रॅड प्लस या सरकारी शैक्षणिक कर्जावर तुमची भिस्त आहे, ते जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद.

आणि क्लिनिक. टेक्ससमध्ये नर्स प्रॅक्टिशनरला औषधं लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो. डीएनपी केली तरी तो सुटत नाही. शेजारच्या न्यू मेक्सिकोत त्याची गरज नाही, पण तुम्ही घर ह्यूस्टनला घेतलं आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी दहा लाखांचा वीस वर्षांचा साधा टर्म विमा. तब्येत ठीक असेल तर महिन्याला ५० डॉलरच्या आसपास पडेल. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी मोडा, त्याआधी नाही. येणारे ११ हजार बचत खात्यात अडीअडचणीसाठी ठेवा. सुटलेल्या ९०० मधले ५० टर्म विम्याला, ३०० निवृत्ती खात्यात, उरले साडेपाचशे. रुग्णालय वर्षाला ५,२५० डॉलर करमुक्त शिक्षण मदत देतं असं तुम्ही लिहिलं आहे. तीन वर्षांचे पावणेसोळा हजार झाले. राहिलेले सव्वाबारा हजार साडेपाचशेतूनच निघतात, वर साडेसात हजार उरतात. क्लिनिकलच्या, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांबरोबरच्या प्रशिक्षणाच्या, साडेसातशे तासांसाठी पाळ्या कमी कराव्या लागतील, तिथे ते लागतील. मदतीच्या बदल्यात दोन वर्षं तिथेच काम करण्याची अट आहे, ती वाचून सही करा.

प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला एक गोष्ट लेखी विचारा: प्रिसेप्टर, म्हणजे या प्रशिक्षणात हाताखाली घेऊन शिकवणारा, तुम्ही देणार की आम्ही शोधायचा? अनेक ठिकाणी तो विद्यार्थ्यानेच शोधायचा असतो आणि त्यापायी सत्र वाया जातं. उत्तर आलं की मला कळवा. निवृत्ती खात्याचा अर्ज मात्र त्यासाठी थांबवू नका, याच आठवड्यात भरा.