परक्या गल्लीत खाऊ मागायला जावं का?

प्रश्न : आम्ही यंदाच अमेरिकेत आलोय. हॅलोविनला इथे मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात, पण आमच्या इमारतीत कुणी दार उघडत नाही म्हणे. लेकीला गाडीने दुसऱ्या वस्तीत नेलं तर आगाऊपणा दिसेल का?

उत्तर : खुशाल न्या हो! आम्हीही सुरुवातीला तेच केलं. फक्त बंगल्यांच्या थाटाला भुलू नका. तिथे कधीकधी अख्खं मोठं चॉकलेट मिळतं खरं, पण दोन दारांमधलं अंतर एवढं, की आमचे चिरंजीव तिसऱ्याच घरापाशी कडेवर आले. घराला घर लागून असलेली गल्ली बरी. पोर्चचा दिवा लागलेला असेल तिथेच बेल वाजवा. अंधार म्हणजे नकार. पायरीवर निळसर-हिरवा भोपळा दिसला, तर तिथे ॲलर्जीवाल्या मुलांसाठी खाऊऐवजी छोटी खेळणी असतात. काही गावं वेळ ठरवून देतात, ती आधी बघा. सेंट लुईस शहरात तर खाऊच्या बदल्यात मुलांनी विनोद सांगायची रीत आहे. आमच्याने तिथे मराठीत कोडं घातलं. आजीबाईंना अक्षर कळलं नाही, तरी दोन चॉकलेटं दिली!

३१ ऑक्टोबरला बऱ्याच ठिकाणी थंडी असते. परीच्या पंखांवर जॅकेट चढवण्यावरून होणारं भांडण मात्र तुमचं तुम्ही निस्तरा.