गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या कालव्यात पहिल्यांदा होडी घालताना

नकाशा नंतर बघ, आधी भरती-ओहोटीची वेळ बघ. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते आणि ती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नकोस. निघायचं ते चढत्या पाण्यावर. गाळात रुतलास तर वाढतं पाणीच तुला उचलेल. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, रुतलास की पाच-सहा तास खारफुटीत डास मारत बसावं लागतं. मी बसलोय, आणि सोबत लहान मुलं होती. ती चूक माझीच.

हा कालवा मांडवी आणि जुवारी नद्यांना जोडतो, सुमारे 17 किलोमीटर. दोन्ही तोंडांनी भरती शिरते, त्यामुळे पाण्याची ओढ मध्येच बदलते. खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या) मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळ, तर होडी नेऊच नकोस, दारातून पाणी फार जोरात खेचतं.

इथं मगरी आहेत. हात पाण्यात सोडायचा नाही, काठावर उतरायचं नाही.

मांडवीत बार्ज आणि फेरीबोटीला नेहमी वाट दे. बार्ज चटकन थांबत नाही. लाइफ जॅकेट अंगावरच हवं. आणि पावसाळ्यात होडी काठावरच राहू दे.