लांब वळणात इंजिन उपाशी राहू नये म्हणून
शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवताना वजन वाचवण्यासाठी टाकी जवळजवळ रिकामी ठेवण्याचा मोह तुम्ही टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. वळणातला आडवा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला की टाकीतील पेट्रोलची पातळी ४५ अंशांनी तिरकी होते आणि पेट्रोल कमी असेल तर टाकीतल्या पंपाच्या तोंडाशी हवा येते. लांब वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन आचके देऊ लागले आणि हा त्रास एकाच दिशेच्या वळणात होत असेल, तर लगेच वेग कमी करून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाडी थांबवण्याच्या जागेत, परत या. कारण पूर्ण जोरात चालणाऱ्या इंजिनाला, विशेषतः टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) असलेल्या, पेट्रोल कमी पडले तर पिस्टन वितळू शकतो.

प्रथम टाकी निम्म्याहून अधिक भरून पाहा. माझ्या गाडीचा त्रास तेवढ्यानेच थांबला होता. तरीही न थांबल्यास फिल्टर आणि इंधनाचा दाब तपासा. त्यानंतरच सर्ज टँकचा विचार करा: त्यात मुख्य टाकीतला पंप एक छोटी टाकी सतत भरलेली ठेवतो आणि दुसरा, जास्त दाबाचा पंप तिच्या तळातून इंजिनाला पेट्रोल पुरवतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या आणि पहिल्या फेरीनंतर प्रत्येक जोडावर बोट फिरवून ओल नाही ना, हे स्वतः पाहा.