खालच्या सप्तकाला जागा कर

ठाणे, भर पावसाळ्यात

प्रिय बासरीवाल्या,

तुझ्या जॅझ बँडचा चार्ट, म्हणजे कोणी कधी काय वाजवायचं तो कागद, वाचला. चाल गोड आहे, पण पहिल्या सोळा बारांत (आवर्तनांत) मेलडी फ्लूटच्या सगळ्यात खालच्या सप्तकात आणि वर ट्रंपेट, गिटारचे भरगच्च कॉर्ड, ड्रमरची सतत वाजणारी राइड झांज. लोकांना तू वाजवताना दिसशील, ऐकू येणार नाहीस. ट्रंपेटवर जोर लावला की आवाज वाढतो. फ्लूटवर फाजील जोर लावला की स्वर सरळ वरच्या सप्तकात उडी मारतो. म्हणून ती जागा फुंकीने नाही, लिहून मिळवायची.

पहिल्या आठ बारांत तुझ्याखाली फक्त बास आणि ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश ठेव. गिटार पुढच्या आठांत येऊ दे, तेही दोन-तीन स्वरांचे कॉर्ड घेऊन. मधल्या भागात टेनर सॅक्सच्या एक सप्तक वर जा, तिथे तू आपोआप वर तरंगशील. ट्रंपेटशी एकसुरात जायचंच असेल तर त्याला म्यूट (तोंडाशी बसवायचं आवाज दबवणारं बूच) लावायला सांग. टेनर लिहिल्यापेक्षा खाली वाजतो, म्हणून त्याचा भाग प्रत्यक्ष स्वराच्या मेजर नाइन्थ (एक सप्तक आणि एक पूर्ण स्वर) वर लिही. तू मेजर सेकंडच (नुसता एक पूर्ण स्वर) वर लिहिलंयस, म्हणजे तो सप्तकभर खाली वाजेल. आणि ट्रंपेटच्या सोलोला लागून तुझा सोलो नको. बासच्या सोलोनंतर घे, कान शांत झालेले असतात.

जॅझवाला रोलंड कर्क फ्लूट फुंकता फुंकता गायचा. खालचे स्वर त्याने जाड होतात, पण दर सोलोत केलंस तर नक्कल वाटेल. जॅझ फ्लूटवाल्या एरिक डॉल्फीचं हिल्व्हर्समचं (नेदरलँड्स) २ जून १९६४ चं रेकॉर्डिंग ऐक, आणि एकदा फक्त ड्रमकडे लक्ष देऊन ऐक.

तोंड आणि दोन्ही हात अडकलेले, मग बँडला इशारा कसा देणार? फ्लूटचं टोक उचलून. वर उचललं की शेवटचे आठ बार, झटक्यात खाली आणलं की थांबायचं. तालमीत हे चार वेळा करून घे. ड्रमरला तू दिसतोस ना, ते आधी बघ.

माइक ओठांसमोर धरलास की नुसती फूफू येते. तो ओठपट्टीच्या चार बोटं वर, किंचित खाली झुकवून लाव, म्हणजे हवा त्याच्या खालून जाते. साउंडवाल्याला १२० हर्ट्झखालचं कापायला सांग. तुझा सगळ्यात खालचा सी २६२ हर्ट्झच्या आसपास आहे, काही गमावत नाहीस.

वाशीच्या एसी हॉलमध्ये गार फ्लूटचा सूर उतरतो, पियानोचा आपल्या जागी राहतो. स्टेजवर जाण्याआधी पाच मिनिटं आतून ऊब दे, मगच सूर जुळव. हेडजॉइंट (फुंकायचा तुकडा) तीन-चार मिलिमीटर बाहेर ठेव, म्हणजे आत ढकलायला वाव उरतो. तरीही सप्तकं एकमेकांशी जुळत नसतील तर हेडजॉइंटच्या बंद टोकातलं बूच सरकलंय का बघ: बुचाला टेकवलेल्या साफ करायच्या काठीवरची खूण फुंकीच्या भोकाच्या मधोमध दिसली पाहिजे.

या हवेत जी-शार्पच्या भोकावरचं पॅड (झाकणाची गादी) चिकटतं. सिगारेटचा कागद, डिंक नसलेली बाजू, पॅडखाली ठेवून पॅड वरून हलकेच दाब आणि सोड. पॅड दाबलेलं असताना कागद ओढलास तर पॅडची कातडी फाटेल. पावडर अजिबात नको. वाजवून झाल्यावर नळी आतून पुसूनच केसमध्ये ठेव, लोकल सुटत असली तरी.

दुरुस्त टेनर पार्ट तालमीच्या आदल्या दिवशी पाठव.